शुद्धिपत्र

जुन्या मराठी पुस्तकांच्या शेवटी, क्वचित आरंभीही, एक पातळ कागद चिकटवलेला असे. पान, ओळ, डावीकडे ‘अशुद्ध’, उजवीकडे ‘शुद्ध’. वाचक तो कागद फारसा वाचत नसत. पण लेखकाने तो जोडावा असा संकेत होता आणि त्यामागे एक प्रामाणिकपणा होता. आमच्या एका जुन्या लेखाचे असे शुद्धिपत्र लिहायचे राहून गेले आहे. चूक खिळे जुळवणाऱ्याची नव्हती, आमचीच होती. ती एका शब्दाची असली तरी तो शब्द एका माणसासाठी वापरलेला होता. शब्द होता ‘कृष्णविवर’ आणि माणूस म्हणजे आमचे वडील.

लेख २००१ सालच्या एका दिवाळी अंकातला. आमचा थोरला भाऊ १९९४ च्या पावसाळ्यात अपघातात गेला. त्याच्या लग्नाला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. अण्णा नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात पंपचालक होते. मुळात मितभाषी, भावाच्या मागे त्यांचे बोलणे जवळजवळ बंदच झाले. आम्ही तेव्हा मुंबईत नोकरीला होतो. शनिवारी संध्याकाळी घरी पोहोचावे तर ओसरीवरच्या खुर्चीत अण्णा, समोर न उघडलेले वर्तमानपत्र, आणि आत स्वयंपाकघरात आवाज न करता वावरणारी आई. या संध्याकाळींविषयी आम्ही लिहिले : ‘अण्णांचे मौन हे आमच्या घरातले कृष्णविवर होते. घरातला सारा उजेड त्यात जाई आणि त्यातून काहीही परत येत नसे.’ वाक्य बऱ्यापैकी गाजले. पाचसहा पत्रे आली आणि त्यांतल्या तीन पत्रांनी नेमके हेच वाक्य उचलले होते. अण्णांनी अंक वाचला की नाही ते आम्ही विचारले नाही.

हा शब्द आम्हांला कोठून मिळाला? मराठी वाचकांच्या एका पिढीला तो जयंत नारळीकरांमुळे ओळखीचा झाला, असे म्हटल्यास वावगे होऊ नये. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने एक कथा आली, तिला पारितोषिक मिळाले आणि मग कळले की जगताप म्हणजे नारळीकर. कथेचे नाव ‘कृष्णविवर’. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले, तेव्हा अनेकांनी या कथेची आठवण काढली. पुढे हा शब्द विज्ञानाच्या आवारातून बाहेर पडला आणि आम्हां ललित लिहिणाऱ्यांच्या हाती लागला. आम्ही तो विरहाला लावला, भ्रष्टाचाराला लावला, शहरांना आणि सरकारी फायलींना लावला. ज्यात सर्व काही जाते आणि काही परत येत नाही ते कृष्णविवर, एवढा एकच अर्थ आम्ही घेतला. शास्त्राकडून शब्द उसना घेताना त्यामागची वस्तुस्थिती पाहून घ्यावी लागते, हे आमच्या ध्यानातच आले नाही.

ते आले २०१८ साली, आणि तेही अण्णांमुळे.

विज्ञानदिनाच्या निमित्ताने फेब्रुवारीअखेर खोडदच्या दुर्बिणीचे दार सर्वांना उघडे असते. नारायणगावपासून आत, द्राक्षाच्या आणि टोमॅटोच्या शेतांमध्ये ही ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ उभी आहे : ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पैकी १४ मध्यवर्ती आवारात आणि उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात विखुरलेल्या. अण्णा तेव्हा ऐंशीच्या घरात होते. बोलणे कमीच, पण यंत्र दिसले की पाय थबकत. तबकडी भरीव पत्र्याची नसून तारेच्या जाळीची आहे हे त्यांच्या प्रथम लक्षात आले. ‘वारा आरपार जातो,’ एवढेच ते म्हणाले. गोविंद स्वरूप यांच्या रचनेचे मर्म तेच होते. मीटरभर लांबीच्या लहरींना जाळीची बारीक छिद्रे दिसतच नाहीत, त्या परावर्तित होतात. वारा मात्र निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि स्वस्त करता येतो.

आत एका भिंतीवर दीर्घिकांची चित्रे लावली होती. एका चित्रात मधोमध इवलासा ठिपका आणि त्याच्या दोन्ही अंगांना निघालेले दोन लांबलचक पिसारे. माहिती सांगणारा विद्यार्थी म्हणाला, मधल्या ठिपक्यात महाकाय कृष्णविवर आहे. अण्णांनी काठीने पिसारा दाखवला.

‘गिळतं म्हणता, मग हे दोन्ही अंगांनी काय निघालंय?’

‘आजोबा, गिळायच्या आधी बाहेर फेकलेलं आहे ते. जवळ आलेलं सगळंच आत जात नाही.’

अण्णा थोडे थांबले. मग म्हणाले, ‘म्हणजे तोंड लहान आणि लोंढा मोठा. मोरीचं भोक एवढंसं असलं आणि वरून हंडाच उपडा केला, तर मोरीत कमी न् उंबऱ्याबाहेर जास्त.’

मुलगा हसला. ‘जवळजवळ तसंच. फक्त इथं पाणी नुसतं सांडत नाही, तापून उडतं.’

परतताना गाडीत अण्णा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग अचानक म्हणाले, ‘तुझ्या त्या लेखात हे नव्हतं.’

सतरा वर्षांत त्या लेखाचा त्यांनी प्रथमच उल्लेख केला होता. आम्ही गडबडून म्हणालो, ‘अण्णा, तो लेख शास्त्रावर नव्हता.’

‘हां,’ ते म्हणाले. ‘शास्त्रावर नव्हता.’

त्या दिवसानंतर आम्ही या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. आम्ही शास्त्राचे विद्यार्थी नाही. पण जे समजले त्याने आमच्या वाक्याचा पायाच काढून घेतला.

पहिली गोष्ट अशी की विश्वातल्या सर्वांत तेजस्वी स्थिर दिव्यांच्या मुळाशी कृष्णविवरेच आहेत. १९६३ साली मार्टिन श्मिट यांनी ३सी २७३ या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ठिपक्याच्या वर्णरेषांचे कोडे उलगडले, तेव्हा कळले की तो तारा नसून अतिदूरची वस्तू आहे आणि तिचे तेज अख्ख्या दीर्घिकेहून कितीतरी अधिक आहे. एवढे तेज कशातून येते, याचे उत्तर पुढच्याच वर्षी अमेरिकेत सॅल्पिटर आणि रशियात झेल्दोविच यांनी स्वतंत्रपणे सुचवले : प्रचंड वस्तुमानाच्या कृष्णविवरात पडणाऱ्या वायूतून. वायू सरळ आत पडत नाही; त्याला फिरकी असते. म्हणून तो भोवती चकती होऊन घिरट्या घालतो, थरावर थर घासतो, तापतो आणि झळाळतो. ताऱ्याच्या पोटात हायड्रोजनचे हेलियम होताना वस्तुमानाच्या जेमतेम ०.७ टक्के भागाची ऊर्जा होते. या चकतीत सुमारे १० टक्के भागाची होऊ शकते. वर्षाला एकदोन सूर्यांइतका वायू घेणारे विवर त्या दीर्घिकेतल्या सगळ्या ताऱ्यांना तेजात मागे टाकते. ज्या दीर्घिकांच्या गाभ्यात हे चालू असते त्यांना ‘सक्रिय दीर्घिका’ म्हणतात. आमच्या लेखातले कृष्णविवर घरातला उजेड गिळत होते. आकाशातल्या कृष्णविवराच्या उंबरठ्यावर मात्र सर्वांत प्रखर उजेड असतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. प्रकाशालाही दाब असतो. ताऱ्यांच्या संदर्भात आर्थर एडिंग्टन यांनी दाखवून दिले होते की तेज एका मर्यादेपलीकडे गेले तर प्रकाशाचा बाहेरचा रेटा गुरुत्वाच्या आतल्या ओढीवर मात करतो. तीच मर्यादा विवरालाही लागू पडते. फार खाऊ लागले की त्या खाण्यातूनच निघालेला प्रकाश पुढचा घास दूर लोटतो. चकतीतली चुंबकीय क्षेत्रेही वायूला भिरकावतात. या कामात कोणाचा वाटा किती, यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. पण वारे सुटतात यात शंका नाही. क्ष-किरणांच्या वर्णपटात लोहाच्या शोषणरेषा आपल्या जागेवरून सरकलेल्या दिसतात आणि त्या सरकण्यावरून आपल्या दिशेने येणाऱ्या वायूचा वेग मोजता येतो.

पीडीएस ४५६ हा दोनशे कोटींहून अधिक प्रकाशवर्षे दूर असलेला क्वेसार याचे उत्तम उदाहरण. तेथून सुटलेला वारा प्रकाशाच्या सुमारे तीस टक्के वेगाने वाहतो आणि तो एखाद्या अरुंद झोतासारखा नसून जवळजवळ सर्व दिशांना पसरतो, हे २०१५ साली नूस्टार आणि एक्सएमएम-न्यूटन या दोन अवकाशदुर्बिणींनी मिळून दाखवले. पुढे २०२३ मध्ये उडालेल्या जपानच्या क्रिझम दुर्बिणीने अधिक बारकाईने पाहिले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार हा वारा सलग नाही. त्यात निरनिराळ्या वेगांचे किमान पाच लोट आहेत, प्रकाशाच्या वेगाच्या २० ते ३० टक्क्यांनी धावणारे. श्वास सोडावा तसा हा वारा नाही. खोकल्याच्या उबळीसारखा तुटक आहे.

हा वारा गाभ्यापुरता राहिला असता तर त्याचे फारसे महत्त्व नव्हते. पण तो बाहेरच्या वायूवर आदळतो आणि त्याला पुढे रेटतो. मार्केरियन २३१ या सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षांवरच्या सक्रिय दीर्घिकेत २०१० साली फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातल्या रेडिओ दुर्बिणींनी थंड रेणवीय वायूचा शोध घेतला. थंड वायू म्हणजे ताऱ्यांचा कच्चा माल. त्यातूनच नवे तारे घडतात. तो सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने बाहेर चाललेला आढळला आणि त्याचे प्रमाण निघाले वर्षाला सुमारे ७०० सूर्य. त्याच दीर्घिकेत वर्षाला सुमारे २०० सूर्यांइतके तारे जन्मतात. म्हणजे घडते त्याच्या तिप्पटचौपट माल दाराबाहेर जातो. हे असेच चालले तर कोठार साधारण एक कोटी वर्षांत रिते होईल. विश्वाच्या हिशेबात ही मुदत फार थोडी.

आता आकारांचा मेळ पाहा. दहा कोटी सूर्यांइतक्या वस्तुमानाच्या विवराची त्रिज्या साधारण ३० कोटी किलोमीटर भरते, म्हणजे सूर्यापासून पृथ्वीच्या अंतराच्या दुप्पट. दीर्घिकेच्या मधल्या फुगवट्यापुढे ती किती? फुगवटा पृथ्वीएवढा धरला तर विवर एका लिंबाएवढे. पृथ्वीच्या पोटातल्या एका लिंबाने साऱ्या पृथ्वीवरचे पीकपाणी ठरवावे, असा हा प्रकार. गुरुत्वाची ओढ एवढ्या लांब पोहोचत नाही. काठावरच्या ताऱ्याला त्या लिंबाचा पत्ताही नसतो. आणि तरीही २००० साली दोन वेगवेगळ्या अभ्यासगटांनी दाखवून दिले की विवराचे वस्तुमान आणि फुगवट्यातल्या ताऱ्यांच्या वेगांची व्याप्ती यांत घट्ट नाते आहे. सिल्क आणि रीस यांनी १९९८ मध्येच असे नाते असावे याचे कारण मांडले होते : विवर वाढता वाढता एका टप्प्याला त्याचा वारा दीर्घिकेतला वायू उधळून लावण्याइतका जोरकस होतो आणि मग विवराची आणि दीर्घिकेची, दोघांचीही वाढ थांबते. नात्याचे हे एकमेव स्पष्टीकरण नव्हे. पण काठाला मध्याची जाणीव होत असेल तर ती मध्याने बाहेर सोडलेल्या गोष्टींतूनच, हे आमच्या मनावर कोरले गेले.

इतिहासातही क्रम तोच आहे. १९१८ साली लिक वेधशाळेच्या हेबर कर्टिस यांना एम८७ या दीर्घिकेच्या छायाचित्रात गाभ्यातून निघालेला एक सरळ किरण दिसला. तो काय आहे हे तेव्हा कोणालाच सांगता येण्याजोगे नव्हते. त्याच दीर्घिकेतल्या विवराची छाया आपण पाहिली ती १० एप्रिल २०१९ रोजी. बाहेर येणारे आधी दिसले. गिळणारे दिसायला पुढे शंभर वर्षे जावी लागली. आम्ही मात्र उलट्या टोकाने सुरुवात केली होती.

अण्णा २०१९ च्या नोव्हेंबरात गेले. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, तेव्हा वहिनी ओसरीवर येऊन बसली. भावाच्या मागे तिने डी.एड. केले आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत ती शिक्षिका झाली, हे आम्हांला अर्थातच ठाऊक होते. ती म्हणाली, ‘भावजी, तुमचा तो दिवाळी अंकातला लेख अण्णांनीच मला वाचायला दिला होता. चांगला लिहिलाय म्हणाले.’

आम्ही गप्प.

‘मी म्हटलं, अण्णा, हे असं कसं लिहिलं भावजींनी? तर म्हणाले, तो येतो तो संध्याकाळचा. सकाळचं त्याला काय ठाऊक?’

मग तिने सकाळचे सांगितले. डी.एड.चे कॉलेज चौदा किलोमीटरवर. वेळेवर पोहोचवणारी एस.टी. नव्हती. अण्णांनी आपली ड्यूटी रात्रपाळीला लावून घेतली. सहाला पंपावरून सुटत, साडेसहाला चेतक काढीत, तिला कॉलेजात सोडीत, दुपारी पुन्हा आणायला जात. अशी दोन वर्षे. मध्ये शेताचा तुकडा विकला तो फीसाठी. वाटेत काय बोलत असत, असे आम्ही विचारले. ‘काही नाही,’ वहिनी म्हणाली. ‘एकदा फक्त म्हणाले, शिकून घे, मग तुझं तू ठरव.’

आम्ही ज्या संध्याकाळींवर ते वाक्य रचले, त्या संध्याकाळी अण्णा रात्रपाळीला जाण्यापूर्वी खुर्चीत बसून डोळा लागतो का ते पाहत असत.

त्यानंतर तीन महिन्यांनी, २०२० च्या फेब्रुवारीअखेर, एक बातमी आली. भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षांवर, एक दीर्घिकासमूह आहे. अशा समूहांत दीर्घिकांच्या मधली जागा कोट्यवधी अंश तापमानाच्या विरळ वायूने भरलेली असते आणि तो क्ष-किरणांत दिसतो. २०१६ साली चंद्रा दुर्बिणीच्या चित्रात या वायूला एक वक्र कड दिसली होती. जणू कोणी तेथून वाटीभर वायू कोरून काढला आहे. विवराच्या झोतांनी फुगवलेल्या पोकळीची ती भिंत असेल का, हा प्रश्न अभ्यासकांना तेव्हाच पडला होता. पण एवढी पोकळी करायला लागणारी ऊर्जा इतकी अवाढव्य निघाली की त्यांनी तो विचार बाजूला ठेवला. २०२० मध्ये सिमोना जॅचिन्टुची आणि सहकाऱ्यांनी तीच जागा रेडिओ लहरींत पाहिली, एकदा ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीने आणि एकदा आमच्या खोडदच्या. क्ष-किरणांत रिकामी दिसणारी ती वाटी रेडिओत काठोकाठ भरलेली होती. विवराने केव्हातरी बाहेर फेकलेल्या जलद इलेक्ट्रॉनांनी. आपल्यासारख्या पंधरा आकाशगंगा ओळीने मावतील एवढी ती पोकळी. ऊर्जा तोवरच्या विक्रमी उद्रेकाच्या पाचपट. आणि आज तेथे झोताचे चिन्हही नाही. जे व्हायचे ते कधीच होऊन गेले आहे, विवर शांत आहे. उरली आहे ती भरलेली पोकळी. ती पाहायला योग्य लहर लागते.

बातमी वाचून आम्ही बराच वेळ बसून राहिलो. ती सांगायची होती ज्यांना, ते नव्हते.

येथे लेख संपवला तर तो गोड होईल आणि पुन्हा खोटा ठरेल. एका रूपकाची चूक दुसऱ्या रूपकाने झाकण्याची आम्हां लेखकांची जुनी खोड आहे. म्हणून बहिर्वाहाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे.

ययाती तारकासमूहाकडे, सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षांवर, आणखी एक दीर्घिकासमूह आहे. त्याच्या मध्यभागी एनजीसी १२७५ ही दीर्घिका. तिच्यातल्या विवराचे झोत सभोवतालच्या तप्त वायूत बुडबुडे फुगवतात, आणि त्यांतून उठलेल्या दाबाच्या लाटा चंद्रा दुर्बिणीने टिपल्या; २००३ साली त्या जाहीर झाल्या. दाबाची लाट म्हणजे ध्वनीच. त्याचा स्वर पियानोच्या मधल्या ‘सी’पासून ५७ सप्तके खाली, एका आंदोलनाला सुमारे एक कोटी वर्षे. याचा उपयोग काय? तो तप्त वायू क्ष-किरण सोडून थंड होत जायला हवा आणि थंड झाला की त्याचे तारे व्हायला हवेत. पण २००१ च्या सुमारास एक्सएमएम-न्यूटनने अशा समूहांत शोधले तेव्हा अपेक्षेइतका थंड होणारा वायू आढळलाच नाही. कोणीतरी त्याला सतत ऊब देत आहे, आणि ते काम विवराचे, असे आज बहुतेकांचे मत आहे. बुडबुडे, लाटा, खळबळ यांपैकी कशाने किती, हे अजून ठरायचे आहे. पण ऊब मिळाल्याने होते काय, तर तारे जन्मत नाहीत. मोठमोठ्या दीर्घिका लालसर, वयस्क ताऱ्यांच्या राहतात. नवी निळी पोरे त्यांत खेळत नाहीत. विश्वाच्या भल्यासाठी विवर असे करते असे मुळीच नाही. त्याला भले-बुरे कळत नाही.

आमच्या धाकट्या बहिणीची पेटी १९९४ च्या त्या पावसाळ्यात बंद झाली. कोणी मनाई केली नव्हती. अण्णा ओसरीत बसलेले असताना सूर काढायचे धैर्य तिला झाले नाही, एवढेच. पुढे ती परीक्षा द्यायची राहिली आणि मग गाणेच राहिले. हा लेख लिहिण्याआधी आम्ही तिला वहिनीची हकीकत सांगितली. ती म्हणाली, ‘वहिनीचं खरं आहे. माझंही खरं आहे.’ तिच्या वाक्यात आम्हांला काही बदलायचे नाही.

अभ्यासकांचेही असेच आहे. जो वारा तारे जन्मू देत नाही, त्याच वाऱ्याच्या पोटात तारे जन्मताना २०१७ साली चिलीमधल्या मोठ्या दुर्बिणीने पाहिले, आयआरएएस एफ२३१२८-५९१९ या जोडदीर्घिकेत. वायू दाबला गेला आणि बाहेर जाता जाताच त्याचे तारे झाले. विझवणे आणि पेटवणे एकाच लोटात. कोठे काय होईल हे वायू किती दाट, धक्का किती वेगाचा, आपण नेमके कोठे उभे आहोत, यावर ठरते. वहिनी चेतकच्या मागच्या सीटवर होती, बहीण ओसरीच्या दाराआड होती, आणि आम्ही शनिवारी संध्याकाळी येत होतो.

रूपक वापरू नये असे आमचे म्हणणे नाही. त्यावाचून आम्हांला लिहिता येणार नाही. पण जिवंत माणसासाठी एखादी वस्तू उसनी आणायची तर ती वस्तू आधी नीट पाहावी, आणि तिचे सारे गुणधर्म त्या माणसालाही मिळू द्यावेत. आम्ही विवराचा एक गुण घेतला आणि अण्णांचीही एकच वेळ पाहिली. दोन्हीकडचा आळस एकच होता. त्या लेखात आम्ही ‘आम्ही’ असे लिहिले तेही याच आळसापोटी असावे. ‘मी’ म्हटले असते तर शनिवारची गाडी आणि रविवारची परत जाण्याची गाडीही सांगावी लागली असती.

असो. त्या अंकाच्या प्रती आता कोणाकडे असतील असे वाटत नाही. अण्णांची प्रत वहिनीकडे आहे. तिच्यात चिकटवण्यासाठी हा कागद.

अशुद्ध : ‘अण्णांचे मौन हे आमच्या घरातले कृष्णविवर होते. घरातला सारा उजेड त्यात जाई आणि त्यातून काहीही परत येत नसे.’

शुद्ध : अण्णा फारसे बोलत नसत. सकाळी साडेसहाला ते स्कूटर बाहेर काढीत.